मागचा क्राऊन वाजतोय? गाडी गॅरेजपर्यंत कशी न्यायची

पिकअप, बोलेरो, सुमो, चारशेसात अशा मागच्या चाकांवर ओढणाऱ्या जुन्या गाड्यांचा क्राऊन-पिनियन (इंजिनची ओढ मागच्या चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी, क्राऊन मोठा आणि पिनियन लहान) सहसा एका दिवसात जात नाही. तो आधी वाजायला लागतो. नेमका कधी वाजतो, त्यावर गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची, किंवा न्यायचीच नाही, हे ठरवा.

मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने, काचा खाली करून ऐका. रेस दिल्यावर कुंई आणि सोडल्यावर शांत, म्हणजे दातांची ओढणारी बाजू झिजली. उलट, गिअरमध्ये असताना रेस सोडल्यावरच वाजत असेल, तर पिनियनचं बेअरिंग ढिलं झाल्याचा संशय घ्या. फक्त वळणावर खडखड आली तर आतले छोटे गिअर बघावे लागतील. रेसशी संबंध नसलेली, वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. गिअर टाकताना नुसतं ‘टक्’ होत असेल तर आधी जॉइंट शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा. ते काम स्वस्तात होतं, आणि त्यापायी कित्येकदा हाऊसिंग (क्राऊन-पिनियनचं कवच) उगाच उघडलं जातं.

मग हाऊसिंगमधलं ऑईल. गाडी सपाट जागी गार होऊ द्या, चाकांना दगड लावा. भरायचा नट आधी सोडवा. खालचा ड्रेन नट काढून बसलात आणि वरचा गंजून अडकला, तर ऑईल परत भरणार कसं? भरायच्या भोकात बोट घाला, साधारण कडेपर्यंत ऑईल लागलं पाहिजे. ड्रेन नटावर चुंबक असेल तर त्यावरचा मऊ राखाडी चिखल चालतो. नखाला टोचणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. दुधाळ ऑईल म्हणजे पाणी शिरलंय. तापलेलं हाऊसिंग पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यात अचानक गार झालं की पाणी आत ओढून घेतं. पिनियनचं सील गळत असेल तर नवं बसवण्याआधी ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो चोंदला की आतला दाब नवं सीलही गळवतो. भरताना मॅन्युअलमधला नंबर बघा, बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० चालतं. १४० नंबरच्या जाड ऑईलने आवाज दबतो, झीज थांबत नाही. जुनी गाडी विकत घेताना हे ध्यानात असू द्या.

चाकाकडचं सील गळून ऑईल ब्रेकच्या लायनरवर आलं असेल, तर ब्रेक एका बाजूला ओढतो. अशी गाडी आधी ब्रेकसाठी थांबवा.

आता रस्ता, नाशिक भागातला. रेस सोडल्यावर वाजणारी गाडी कसारा घाटात उतरवू नका. इगतपुरीपासून खाली इंजिनवर रोखत उतरताना सगळा भार दातांच्या उलट्या बाजूवर आणि त्या ढिल्या बेअरिंगवर येतो. रेस दिल्यावर वाजणारी गाडी घाट चढवू नका. पुण्याच्या बाजूला मोहदरी घाट, गुजरातच्या बाजूला सापुतारा. आडगाव, ओझर, पिंपळगाव हा रस्ता त्यामानाने सपाट आहे, पण टोमॅटोचे कॅरेट भरून नाही. माल दुसऱ्या गाडीत टाका, ४० च्या आत राहा, क्लच अलगद सोडा, दर १०-१५ किलोमीटरला थांबून हाऊसिंगवर पाण्याचे थेंब टाका. चर्र करून उडाले तर तिथेच थांबा. पिनियन जाम झाला तर मागची चाकं अडकतात आणि क्लच दाबून उपयोग होत नाही, कारण दोष क्लचच्या पुढे आहे. ओल्या रस्त्यावर तर गाडी सरळ आडवी होते.

ओढून न्यायची असेल तर मागची चाकं वर उचला. न्यूट्रलमध्येही चाकं क्राऊन फिरवतच राहतात, आणि जॉइंट शाफ्ट काढला तरी फिरवतात. चारशेसातसारख्या गाडीत चाक हबवर असतं, म्हणून दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट काढून, हबची तोंडं झाकून ओढता येतं. जिथे चाक शाफ्टवरच बसलेलं असतं, तिथे हे जमत नाही.

गॅरेजमध्ये क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला, सोबत बेअरिंग आणि सील. शिम (पातळ चकत्या) लावून दातांतली ढील मॅन्युअलप्रमाणे डायल गेजने मोजून घ्या. अंदाजाने बसवलेला नवा क्राऊनही वाजतो. जुनं हाऊसिंग आणून बसवणार असाल तर दात मोजा. क्राऊनचे ४१ भागिले पिनियनचे १० म्हणजे ४.१, हा आकडा तुमच्या गाडीशी जुळला नाही तर ओढ आणि वेग दोन्ही बदलतात. फोर बाय फोर गाडीत तर पुढचा-मागचा आकडा सारखाच हवा.