राईट इन म्हणजे नक्की कुठे? पुण्यात हॉकी सुरू करणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

पहिल्या मोठ्या ट्रायलला मला एक फॉर्म दिला होता, त्यात नाव, जन्मतारीख आणि पोझिशन. मी छान अक्षरात 'राईट इन' लिहिलं. टेबलामागच्या सरांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठल्या सालातून आलास रे बाळा?" बाजूची पोरं फिस्सकन हसली. मला खरंच कळेना काय चुकलं ते, कारण खडकीच्या मैदानावर आमच्या सरांनी सहावीपासून मला तिथंच उभं केलं होतं आणि त्या जागेला राईट इनच म्हणायचे.

झालं असं की आमचे सर जुन्या पद्धतीत शिकलेले, म्हणजे पुढे पाच फॉरवर्ड, मधे तीन हाफ, मागे दोन फुलबॅक. पुढची ओळ डावीकडून उजवीकडे अशी: लेफ्ट आऊट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राईट इन, राईट आऊट. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली, 1998 ला ऑफसाइडचा नियमच कायमचा गेला, स्ट्रायकर थेट समोरच्या गोलीपाशी जाऊन उभे राहायला लागले आणि ती पाच जणांची ओळ मोडली. पण मैदानावरची नावं काही मोडली नाहीत. ट्रायलमधे मला सांगितलं "तू स्क्रीन कर", मी आपला पडदा धरायचाय का काय असा चेहरा करून स्वतःच्याच स्ट्रायकरच्या मागे मागे पळत राहिलो, आणि पंधरा मिनिटांचा पहिला क्वार्टर संपला तेव्हा मी बाहेर. (स्क्रीन म्हणजे आपल्या डिफेन्सच्या पुढे उभं राहून समोरच्या स्ट्रायकरकडे जाणारा पास अडवायचा, एवढंच. कोणी आधी सांगितलं असतं तर!)

नंतर दोनतीन वर्षं बाहेरच्या कॅम्पना गेलो, रूममधे देशभरची पोरं असायची, आणि तिथं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पोरगं कुठल्या पोझिशनला खेळतं हे त्याच्या अंगात काय आहे त्यापेक्षा ते कुठल्या मैदानावर, कुणाबरोबर शिकलं यावर जास्त ठरतं.

ओडिशातल्या सुंदरगडचा एक रूममेट होता, अर्थातच डिफेंडर. दिलीप तिर्की तिथला, लाझारस बार्ला तिथला, बीरेंद्र लाकडा, दीप ग्रेस एक्का, सगळे बचावातले. अमित रोहिदास तर दिलीप तिर्कीच्याच गावचा, सौनामाराचा. तिकडे गावोगाव खस्सी टूर्नामेंट असतात, जिंकलं की बक्षीस बोकड, आणि मग सगळं गाव जेवतं. हा रूममेट म्हणायचा, गोल खाल्ला की बोकड गेला, त्यामुळे पोरांना आधी अडवायला शिकवतात. तो चेष्टेत म्हणायचा, पण मला त्यात तथ्य वाटतं. त्यात गावातला मोठा खेळाडू डिफेंडर म्हटल्यावर लहान पोरं त्याचंच बघून शिकणार. अर्थात शिलानंद लाकडासारखा फॉरवर्डही तिथूनच आला, त्यामुळे हे रक्तात असतं वगैरे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पंजाबची पोरं वेगळीच. जालंधरजवळचं संसारपूर, मिठापूर ही गावंच हॉकीची, भारताकडून खेळलेले मनप्रीत आणि मनदीप दोघं मिठापूरचे. तिकडून आलेला पोरगा दहावीतच ड्रॅगफ्लिक (पेनल्टी कॉर्नरला स्टिकवर बॉल ओढत नेऊन गोलवर भिरकावायचा फटका) मारायचा. त्यातला उस्ताद हरमनप्रीत सिंग लहानपणी शेतात ट्रॅक्टर चालवायचा, त्याचा जड गिअर ओढून हातात ताकद आली हे त्यानंच सांगितलेलं. आमच्याकडे पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर मिळाला की सर म्हणायचे "मार जोरात", बास, तेवढीच कोचिंग. कर्नाटकातल्या कूर्गचा एकजण होता, त्याला पोझिशन विचारली की खांदे उडवायचा. त्यांच्याकडे 1997 पासून कोडवा (तिथला समाज) घराण्यांची टूर्नामेंट चालते, एकेका आडनावाची टीम, 2024 ला 360 टीम उतरल्या होत्या. काका, आत्या, शाळकरी पोरं सगळी एकाच टीममधे, मग काका सेंटर हाफ मागतात म्हटल्यावर पुतण्यानं उरलेल्या जागी उभं राहायचं. त्यामुळे त्याला सगळीकडे थोडं थोडं जमायचं आणि कॅम्पमधे सगळ्यात जास्त सिलेक्शन त्याचंच व्हायचं, हे मला तेव्हा फार अन्यायाचं वाटायचं.

आणि आपण? खडकी म्हटलं की धनराज पिल्लै, 1968 चा जन्म, चार ऑलिंपिक, चार वर्ल्डकप. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिक बांधून खेळलेला माणूस. त्यामुळे आमच्या मैदानावर मराठी, हिंदी, तमिळ सगळ्या भाषांत एकच मागणी, मला फॉरवर्ड खेळायचंय. वर मुरमाचं मैदान. बॉल सरळ येतच नाही, उडतो, मग पास देण्यापेक्षा स्टिकला चिकटवून दोघातिघांना डॉज मारणं (चकवणं) सोपं. तेच पोरगं पिंपरीला नेहरूनगरच्या टर्फवर गेलं की बॉल दुप्पट वेगानं येतो आणि ते अजून डॉजचा विचार करत असतं. मी स्वतः पहिल्या दिवशी तीन बॉल स्टिकखालून सोडले, पाणी मारलेल्या टर्फवर, सगळ्यांसमोर.

आता लेफ्ट हाफबद्दल (मधल्या तिघांतला डावीकडचा) जरा लांबण लावतो, कारण शेवटी मी तिथंच खेळलो. नवीन पोराला बऱ्याच ठिकाणी तिथं ढकलतात, "डावीकडे बॉल कमी येतो" म्हणून. हा शुद्ध गैरसमज आहे. हॉकी स्टिकची सपाट बाजू एकच, डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसतेच. म्हणजे समोरून येणाऱ्याला नीट टॅकल करायचं तर तो आपल्या उजव्या हाताला यायला हवा. राईट हाफला हे आयतं मिळतं, उजवीकडेच साइडलाइन, त्याला बाहेर रेटत न्यायचं आणि लाइनपाशी फोरहँडवर (स्टिकच्या सरळ, सपाट बाजूनं) बॉल काढून घ्यायचा. लेफ्ट हाफची साइडलाइन डावीकडे. बाहेर रेटला तर टॅकल उलट्या स्टिकनं, आत घेतला तर फोरहँडवर येतो खरा पण सरळ आपल्या डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) दिशेनं, मग सेंटर हाफ जागेवर नसेल तर बोंबला. म्हणून तिथं हातापेक्षा पाय लागतात. माझ्या कोचनी दोन महिने मला स्टिक पाठीमागे धरून नुसतं आडवं पळायला लावलं होतं, मी घरी येऊन रडलोय त्यावर, पण आज तेच कामाला येतं.

गोलकीपरचं तर विचारूच नका. किट महाग, क्लबात एकच असतं, मग पॅड ज्याच्या मापाचे तो गोली. भारताचा गोली झालेला केरळचा श्रीजेश स्पोर्ट्स स्कूलमधे गेला तेव्हा पळणारा होता, तिथल्या कोचनी गोलमधे उभं केलं, आणि किटसाठी वडिलांनी गाय विकली. हॉकी फारशी नसलेल्या राज्यातून असा गोली आला, कारण कोणीतरी वेळेवर बघितलं.

माझा मामेभाऊ नेदरलँड्सला असतो, त्याची मुलगी तिकडे खेळते. तिची पहिली टीम तीन तीन जणांची, त्यात गोलीच नाही, मग सहा, मग आठ आणि मग कुठे अकरा. तोपर्यंत पोझिशनचा विषयच फारसा नाही. आपल्याकडे चाळीस पोरं, एक मैदान आणि एक सर असतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात "तू मागे थांब" होतं आणि पोरगं चार वर्षं मागेच थांबतं.

तर पुण्यात सुरू करत असाल तर क्लास लावताना फीच्या आधी दोन गोष्टी विचारा, महिन्यातून किती वेळा टर्फ मिळतं आणि लहान पोरांना जागा बदलून खेळवतात का. उत्तर देताना सर अडखळले तरी लगेच पळू नका, मैदान चांगलं आणि माणूस बरा असेल तर तुम्हीच मागं लागून बदलून घ्या. मॅच बघताना बॉलकडे नाही, बॉल लांब असताना आपलं पोरगं कुठं चालतंय तिकडे बघा. आणि कृपा करून बाहेरून "पुढे जा, पुढे जा" ओरडू नका, लेफ्ट हाफचं पोरगं पुढे गेलं की मागे काय होतं ते वर सांगितलंय. ट्रायलच्या फॉर्मवर शक्यतो दोन पोझिशन लिहा, त्याही आजच्या नावांनी, म्हणजे फॉरवर्ड, मिडफिल्डर, डिफेंडर अशा.

हे सगळं मी गेल्या महिन्यात भाच्याला तासभर समजावलं. ट्रायलच्या दिवशी त्यानं भरलेला फॉर्म बघितला तर पोझिशनच्या रकान्यात लिहिलं होतं, "सांगाल तिथे. फक्त गोली नको, हेल्मेटला वास येतो."