पदवीनंतर काय? ‘निकाल लागू दे, मग बघू’ ही पहिली चूक

शेवटच्या वर्षाचा निकाल हातात येतो तो जून-जुलैत. तोवर बऱ्याच परीक्षा होऊनही गेलेल्या असतात. आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएसाठीच्या कॅटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरावा लागतो आणि परीक्षा नोव्हेंबरअखेर होते. आयआयटीतल्या एमएस्सीसाठीची जॅम फेब्रुवारीत असते, तिचा अर्ज आदल्या सप्टेंबरच्या आसपास निघतो. केंद्रीय विद्यापीठांतल्या एमए-एमएस्सीसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा, सीयूईटी-पीजी, साधारण मार्चमध्ये होते. राज्याच्या एमबीए, एमसीए, तीन वर्षांच्या एलएलबी आणि बीएडच्या सीईटींचे, म्हणजे प्रवेशपरीक्षांचे, अर्जही परीक्षेच्या काही महिने आधीच सुरू होतात. या सगळ्या परीक्षांना शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, पण ही गोष्ट अनेक घरांत कोणी सांगतच नाही आणि एक वर्ष उगाच जातं. तिसऱ्या वर्षाचे गणपती बसायच्या आत वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहा: कोणती परीक्षा, अर्जाची शेवटची तारीख, पात्रतेचे टक्के. एमबीएला खुल्या गटात ५० टक्के लागतात, एलएलबीला ४५. ४४.९ म्हणजे ४५ धरतील या भरवशावर राहू नका.

कागदपत्रं: सगळ्यात जास्त मुलं इथेच अडतात

अकरावी-बारावी सायन्सची राखीव गटातली मुलं जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचा कागद) तेव्हाच काढतात, कारण पुढे इंजिनीअरिंगला ते लागणार हे ठाऊक असतं. बीए-बीकॉमवाल्यांना ते कोणी मागत नाही. मग पदवीनंतर एमबीए किंवा एलएलबीच्या प्रवेशफेरीत राखीव जागेवर नाव लागतं आणि तेव्हा धावाधाव सुरू होते. हे काम आठवड्याभरात उरकणारं नाही. अर्ज ऑनलाइन असला तरी त्याला कॉलेजचं पत्र, वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबा-पणजोबांच्या नोंदी जोडाव्या लागतात. जातीचा पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांच्या गावच्या शाळेतलं जुनं रजिस्टर शोधायला एक दिवाळीची सुट्टी पुरते, प्रवेशफेरीतले चार दिवस पुरत नाहीत. कॉलेजात नाव आहे तोवर अर्ज करा, कारण पत्र तिथूनच सहज मिळतं.

नॉन-क्रीमीलेअरचा, म्हणजे ओबीसीसारख्या गटातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राचा, घोळ वेगळाच. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश मात्र जून-जुलैत होतात आणि पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं प्रमाणपत्र मागतात. फेब्रुवारीत घाईने एका वर्षापुरतं काढलेलं प्रमाणपत्र त्यामुळे कपाटातच राहतं. आपल्या प्रमाणपत्रावरची तारीख आज वाचा. मुदत संपत असेल तर एप्रिल उजाडताच तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन सेतूत जा. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांचं, प्रमाणपत्रही आर्थिक वर्षापुरतंच असतं.

नावाचंही तसंच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव गाळलेलं, आणि कुठेतरी ‘दिपाली’ची ‘दीपाली’. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि बाकीची कागदं तिच्याशी जुळवून घ्या.

चौथं वर्ष करायचं की बाहेर पडायचं

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनंतर पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. नुसतं ‘एक वर्ष वाया’ असं म्हणणं चूक आहे, कारण चार वर्षांच्या पदवीनंतर एमए किंवा एमएस्सी एका वर्षात होऊ शकते, म्हणजे एकूण वर्षं पाचच. चार वर्षांत ७५ टक्के असतील तर पीएचडीसाठीही थेट अर्ज करता येतो. परदेशातली काही विद्यापीठं एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथेही चौथं वर्ष उपयोगी पडतं. पण आपल्या विषयाचं चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात आहे का, हे आधी विचारा.

स्पर्धा परीक्षा: प्रयत्न मोजून

पुण्यात खोली घेऊन ‘बघू किती वर्षं लागतात’ म्हणणं महागात पडतं. यूपीएससीला खुल्या गटात वयाची मर्यादा ३२ आणि प्रयत्न सहा. नुसता अर्ज भरला तर प्रयत्न मोजला जात नाही, पण पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी मोजला जातो. तयारी नसताना ‘अनुभव म्हणून’ पेपर देऊ नका. एमपीएससीला खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत संधी आहे, आणि ही सवलत वाटत असली तरी मुलं अडकून पडतात ती तिच्यामुळेच. सुरुवातीलाच घरच्यांसमोर दोन किंवा तीन प्रयत्नांचा आकडा ठरवा आणि सोबत दूरस्थ एमए, बीएड किंवा अर्धवेळ काम चालू ठेवा.

नोकरी धरणाऱ्यांसाठी एकच: मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवायला देऊ नका आणि नेमणुकीसाठी पैसे मागणाऱ्याला नकार द्या.

कॉलेज सोडताना शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा तिथला दाखला मिळतो. तो पुढच्या कॉलेजात जमा होतो, म्हणून आधी पाच साक्षांकित प्रती काढून स्कॅन करून ठेवा. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) लागेल, आणि परदेशासाठी सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा. दाखला आणायला जाल त्याच खेपेत त्यांचे अर्ज द्या.