मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

फोंड्यातील माझ्या शिकवणीत दर वर्षी एक गोष्ट दिसते: सात अंकी संख्या समोर आली की मुले लगेच भागायला लागतात, आणि कुठवर भागायचे हे ठरवायचे राहून जाते. मूळ नसलेल्या संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो, म्हणून तपासणी वर्गमुळापर्यंत करावी लागते आणि तेवढीच पुरते. नियम सर्वांना पाठ असतो. तरीही कोणी १०० वर थांबतो, तर कोणी हाताशी असलेली यादी संपते तिथे.

एकदा मी १०,२२,११७ ही संख्या मूळ आहे का, असे विचारले. एका कष्टाळू मुलाने १००० च्या आतील सर्व १६८ मूळ संख्यांनी भागून पाहिले, एकही भागाकार चुकवला नाही, आणि पाने भरून झाल्यावर ‘मूळ संख्या’ असे लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. वर्गमूळ १०११ हून किंचित कमी आहे; ९९७ नंतर त्या मर्यादेत १००९ ही एकच मूळ संख्या उरली होती आणि नेमका तिनेच भाग जातो, कारण १००९ × १०१३ = १०,२२,११७. मी वर्गमूळ वहीच्या समासात आधी लिहितो आणि लगतच्या मोठ्या वर्गातून संख्या वजा करून पाहतो. येथे १०११ चा वर्ग १०,२२,१२१; फरक ४, म्हणजे २ चा वर्ग; अवयव १०११ − २ आणि १०११ + २. ही फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच झटपट चालते, त्यामुळे केवळ युक्ती म्हणून ती पाठ करणाऱ्यांची पुढच्याच गणितात फजिती होते.

याच संख्येच्या अंकांची बेरीज १४ येते म्हणून तिला ७ ने भाग जातो, असेही उत्तर मिळाले होते. ती कसोटी ३ आणि ९ पुरती आहे, ७ ने बाकी ५ उरते. ४ ने आणि ६ ने भाग गेला म्हणजे २४ ने जातोच असे नाही, ३६ पाहावे. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: ७,२०,७२० मध्ये २ चा घातांक ४, ३ चा २, आणि ५, ७, ११, १३ यांचा १, म्हणून विभाजक २४०.

स्प्रेडशीटवर विसंबणे ही माझ्या विशेष रागाची चूक. तिथे संख्येचे पंधराच अंक टिकतात. १२३४५६७८९०१२३४५६ टाइप केल्यास शेवटच्या ६ च्या जागी ० येतो, आणि घाईतला विद्यार्थी ती ५ ने विभाज्य असल्याचे सांगून मोकळा होतो. अशा संख्येचे मी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवतो व वजा करतो, कारण १००१ = ७ × ११ × १३: ४५६ − १२३ + ८९० − ५६७ + २३४ − १ = ८८९. यास ७ ने भाग जातो, ११ व १३ ने जात नाही, आणि टाइप केलेल्या त्या सोळा अंकी संख्येचेही तसेच. पडद्यावरच्या बदललेल्या संख्येला मात्र ७ ने भाग जात नाही. म्हणजे नसलेला विभाजक मिळाला आणि असलेला हरवला.