विणकाम यंत्रावर सुटणारे टाके
नाशिकच्या थंडीसाठी घरी स्वेटर विणताना यंत्राच्या मधल्या भागातील टाके वारंवार सुटू लागले आणि लोकर किंवा ताण बदलूनही फरक पडेना. दोष सुयांवर आडव्या बसणाऱ्या धातूच्या पट्टीत होता. तिच्यातील स्पंज सुयांना खाली दाबून धरतो; तो वापराने चपटा झाला की सुया उचलल्या जातात, कॅरेज (सुयांवरून मागे-पुढे सरकवायचा यंत्राचा भाग) अडखळते आणि धागा सुईच्या आकडीत नीट बसत नाही. मी पट्टी बाजूने ओढून काढली, जुना चिकट स्पंज खरवडला आणि पट्टीच्या कडांपेक्षा किंचित उंच राहील असा नवा, लवचीक स्पंज चिकटवला. पट्टी परत सरकवताना सुया हाताने दाबून धराव्यात, नाहीतर ती त्यांच्या खाली शिरते. जुने यंत्र भंगारात काढण्यापूर्वी ही पट्टी अवश्य तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.