प्रयोगशील शाळेत शिकवायचंय? मग एक नोंदवही घ्या

प्रयोगशील शाळेत, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष करून शिकू देणाऱ्या शाळेत, यायचंय म्हणून विचारायला येणाऱ्यांशी मी आधी पैशांचं बोलते. यातल्या बऱ्याच शाळा विनाअनुदानित आहेत. पगार जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या जवळपासही जात नाही. घरभाडं, आईवडिलांचं औषधपाणी, सगळा हिशेब मांडा, घरच्यांशी बोला, मगच या. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) राहिली असेल तर उरकून टाका. ‘आमच्याकडे चालतं’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

कोल्हापूरचं सृजन आनंद, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याचं अक्षरनंदन या प्रयोगशील शाळांची नावं तुम्हाला ठाऊक असणारच. तिथलं वाचून, पाहून आपण भारावतो आणि ते भारावणं खरंही असतं. पण मी जिथे अडकले ती जागा त्याच्या पुढची आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

आमच्या चौथीच्या मुलांनी शाळेत भाजीबाजार भरवला. पालक आले, सुट्या पैशांची चणचण झाली, आरडाओरडा, नुसता आनंद. एका मुलीकडे 168 रुपयांची भाजी झाली. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली. तिने 2 रुपये ठेवले, ‘एकशे सत्तर’. वर 30, ‘दोनशे’. मग शंभराच्या तीन नोटा, ‘पाचशे’. एका दमात 332 रुपये परत. मला भरून आलं. हिला वजाबाकी आली, असं मी धरून चालले. पुढच्या आठवड्यात तिने वहीत 500 − 168 हीच वजाबाकी केली. उत्तर लिहिलं होतं 468. एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा! बाजारातलं गणित बाजारातच राहिलं होतं. माझा आनंद मात्र वहीतल्या गणितापर्यंतही पसरला होता.

हे नीट समजून घ्या. मुलं रमली म्हणजे मुलं शिकली, असं नसतं. उपक्रम कितीही देखणा असो, त्यातून कागदावरच्या गणितापर्यंतची वाट शिक्षकालाच बांधावी लागते. वर्ध्याला 1937 साली गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातउद्योगातून शिक्षणाची, मांडणी झाली, तेव्हाही नुसत्या सूतकताईला कुणी शिक्षण म्हटलं नव्हतं. उद्योग आणि ज्ञान यांचा समवाय, म्हणजे एकमेकांशी सांधा, व्हावा, असा आग्रह होता. आम्ही उद्योग करतो आणि समवाय विसरतो.

त्या मुलीसोबत मग मी खेळातल्या नोटा घेऊन बसले. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. प्रत्येक मोड झाली की ती लगेच वहीत मांडायची. मधेच ती थांबली, 468 कडे बघून म्हणाली, “ताई, एवढे परत दिले तर माझी भाजी फुकटच गेली की!” या नोकरीत समाधान म्हणतात ते मला तिथे मिळालं, बाजाराच्या दिवशी नाही.

म्हणून नोंदवही. रोज दोन-तीन मुलांबद्दल चार ओळी: काय म्हणालं, कुठे अडलं, आपण काय केलं. ‘छान सहभाग’ असली वाक्यं लिहू नका, ती कुणाच्याच कामाची नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार उपक्रमांच्या पीडीएफ माझ्या मते नवख्या शिक्षकाचं नुकसानच करतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेने हुरूप येतो, हात तयार होत नाही. त्यापेक्षा एखाद्या जुन्या ताईंच्या वर्गात महिनाभर मागे बसा. मार्गदर्शकही तोच निवडा जो अजून स्वतः फळ्यापाशी उभा राहतो. शिक्षणावर नुसतं सुंदर बोलणाऱ्यांपासून जरा लांबच राहा.

पहिलं वर्ष जड जातं. संध्याकाळी घसा बसलेला असतो, आणि पालकसभेत कुणीतरी हमखास विचारतं, “पाढे कधी पाठ होणार?” त्या प्रश्नावर चिडू नका. तो माणूस पोटतिडकीने विचारतोय. त्याच्या मुलाचं नोंदवहीतलं पान उघडा आणि दोघं मिळून वाचा.