ईमेलचा मायना आणि सिग्नेचर: काय ठेवायचं, काय काढायचं

मायना प्रत्येक ईमेलला नव्याने लिहायचा असतो, सिग्नेचर (म्हणजे ईमेलच्या तळाशी आपोआप येणारा नाव-हुद्द्याचा मजकूर) एकदाच बसवायची असते. या दोन कामांची अदलाबदल झाली की गडबड होते. 'नमस्कार सर' टेम्प्लेटमध्येच राहून जातं आणि नेमकं मॅडमना पोचतं. 'धन्यवाद' सिग्नेचरमध्ये कोरलेलं असलं की ते सांत्वनाच्या ईमेलखालीही उमटतं. म्हणून समारोपाचा शब्द दर वेळी हाताने टाइप करायचा आणि सिग्नेचर नावापासून सुरू करायची.

आधी मायना. इनबॉक्समध्ये विषयाशेजारी मजकुराचे पहिले काही शब्दच दिसतात. 'आपण कुशल असाल अशी आशा आहे' असं लिहिलं तर ती जागा वाया जाते. 'नमस्कार' आणि नाव, स्वल्पविराम, आणि पुढच्या ओळीत थेट काम: 'सोबत मार्चचं बिल पाठवत आहे.' 'शुभ सकाळ' टाळलेलं बरं, ईमेल रात्री उघडला जाऊ शकतो.

नाव समोरची व्यक्ती स्वतः जसं लिहिते तसंच लिहावं. तिच्या सिग्नेचरमधून कॉपी केलं तर उत्तम. रोमन लिपीतलं नाव देवनागरीत आणताना जपून, कारण तिथे काळे आणि काले एकसारखेच दिसतात. शंका असेल तर रोमन नाव तसंच राहू द्यावं. नावावरून स्त्री की पुरुष हे कळत नसेल तर श्री. किंवा श्रीमती लावण्याच्या फंदात न पडता पूर्ण नाव लिहावं, फार तर शेवटी 'जी'. नावच माहीत नसेल तर विभागाला उद्देशून लिहावं: 'नमस्कार, लेखा विभाग'. दोन-तीन जण असतील तर सगळ्यांची नावं घ्यावीत, त्याहून जास्त असतील तर 'सर्वांना नमस्कार' पुरतं.

अर्जाची सवय असलेले लोक ईमेलच्या मजकुरातही 'प्रति', मग हुद्दा, मग 'विषय' असा सगळा साचा उतरवतात. ते रकाने वर आहेतच. खाली पुन्हा लिहिल्याने वाचणाऱ्याला कामाच्या वाक्यापर्यंत स्क्रोल करत जावं लागतं. सहीचं औपचारिक पत्रच हवं असेल तर ते पीडीएफ करून जोडावं आणि ईमेलमध्ये दोन ओळी लिहाव्यात.

उत्तराला उत्तर सुरू झालं की मायना आपोआप छोटा होतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत नुसतं नाव चालतं, कधी तेही लागत नाही. समोरचा किती औपचारिक आहे ते पाहून त्याच पट्टीत राहावं. एकगठ्ठा ईमेल पाठवताना मात्र यादीतला नावाचा रकाना तपासा. तो रिकामा असेल तर 'प्रिय ,' असं जातं. पर्यायी शब्द भरायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा.

समारोपाला 'धन्यवाद' किंवा 'कळावे' बहुतेक ठिकाणी बसतं. थकबाकीच्या तगाद्याखाली 'लोभ असावा' मात्र विनोदी दिसतं. अनेक जण मिळून वापरतात अशा खात्यावरून 'आपला विश्वासू' लिहू नये, पाठवणारी बाई असली की घोटाळा होतो.

आता सिग्नेचर. त्यात नाव, हुद्दा, संस्था, एक फोन नंबर आणि वेबसाइट एवढं असावं. फोनच्या आधी अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लिहावा. ईमेल पत्ता पुन्हा द्यावा का, यावर मतभेद आहेत. आमच्या मते द्यावा, कारण ईमेल पुढे पाठवताना कधी कधी वर नुसतं नाव उरतं. सिग्नेचर 4 ओळींपेक्षा मोठी नसावी, हा संकेत 1995 च्या आरएफसी 1855 या नेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही आहे. पाचवी ओळ चालेल, बारावी नाही.

सुविचार, 'छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा', सोशल मीडियाची सहा चिन्हं, घरचा पत्ता हे सगळं काढून टाका. हाताच्या सहीचं स्कॅन तर मुळीच नको. ते कॉपी करून कुठल्याही कागदावर चिकटवता येतं. ब्रिटन आणि जर्मनीत 2007 पासून कंपन्यांना व्यावसायिक ईमेलमध्ये नोंदणीचे तपशील द्यावे लागतात. तशी सक्ती असेल तर ते वेगळ्या ओळीत, लहान अक्षरांत द्यावेत.

सगळ्यात जास्त घोळ चित्रांमुळे होतो. अख्खी सिग्नेचर एकच चित्र म्हणून टाकली तर चित्रं बंद ठेवणाऱ्याला रिकामी चौकट दिसते, नंबर कॉपी होत नाही आणि स्क्रीन रीडरला (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) काहीच वाचता येत नाही. मजकूर मजकूरच ठेवा, चित्र फक्त लोगोचं. लोगो 150 पिक्सेल रुंद दिसायला हवा असेल तर फाइल 300 पिक्सेलची घ्या, म्हणजे चांगल्या स्क्रीनवर तो धूसर दिसत नाही. रुंदी एचटीएमएलमध्ये, म्हणजे सिग्नेचरमागच्या कोडमध्ये, चित्राच्या टॅगमध्येच लिहा. विंडोजचं जुनं आउटलुक वर्डच्या इंजिनावर चालतं, तिथे नुसत्या सीएसएसचा (रंग-आकार ठरवणाऱ्या सूचनांचा) भरवसा नसतो आणि लोगो दुप्पट मोठा उमटू शकतो. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये गायब होतो. त्याला पांढरी कड द्या. पर्यायी मजकुरात (चित्र दिसलं नाही तर त्याजागी येणाऱ्या शब्दांत) संस्थेचं नाव भरा.

देवनागरी युनिकोडमध्येच (सगळ्या उपकरणांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या स्क्रीनवर निरर्थक चिन्हं होऊन बसतो. वर्डमधून आणलेला मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने पेस्ट करा, नाहीतर लपलेलं फॉरमॅटिंग सोबत येतं.

जीमेलमध्ये संगणकावर गिअरच्या चिन्हातून सर्व सेटिंग्ज उघडा. जनरल टॅबमध्ये खाली सिग्नेचर सापडेल. मर्यादा 10,000 अक्षरांची आहे, आणि लपलेलं फॉरमॅटिंगही त्यात मोजलं जातं. एकाहून जास्त सिग्नेचर करता येतात: नव्या ईमेलसाठी पूर्ण, उत्तरासाठी फक्त नाव आणि फोन. दोन्ही ठिकाणची निवड वेगळी करायची असते. उत्तरात सिग्नेचर 'दिसत नाही' अशी तक्रार असते, तेव्हा ती बहुधा जुन्या मजकुराच्या तळाशी गेलेली असते. ती वर आणणारा चेकबॉक्स तिथेच आहे. शेवटी पानाच्या तळाशी जाऊन सेव्ह करायला विसरू नका. मोबाइल ॲपमधली सिग्नेचर वेगळी आणि साध्या मजकुराची असते, प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र बसवावी लागते.

बसवून झाली की एक ईमेल जीमेलला, एक आउटलुकला आणि एक डार्क मोड असलेल्या फोनला पाठवा. प्रत्येक ठिकाणी चित्रं बंद करूनही पाहा. मग त्यातल्या एकाला उत्तर द्यायला सांगा, आणि त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्या. सिग्नेचर दोनदा येते का, लोगो फाइल म्हणून जोडला जातो का, हे तेव्हाच कळतं.