हलक्या मस्की आमिषांसाठी बेटकास्टिंग रीळ घेताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटात बहुतेक तलावांवर ५४ इंचांखालची मस्की (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) पकडून ठेवता येत नाही. एवढा मोठा मासा डोळ्यांसमोर असला की दुकानात हात आपसूक सर्वांत दणकट रिळाकडे जातो. पहिली चूक इथेच होते. बेटकास्टिंग रिळात आमिष फेकलं की लाईन (दोरी) गुंडाळलेली आडवी चकरी, म्हणजे स्पूल, स्वतः फिरते. म्हणून रीळ ठरवायचं ते तुम्ही फेकणार असलेल्या सर्वांत हलक्या आमिषावरून.

रिळांचे आकार २००, ३००, ४०० अशा आकड्यांनी सांगतात; आकडा मोठा तसं रीळ मोठं. ४०० आकाराच्या रिळाचा स्पूल आणि त्यावरची लाईन हे सगळं वजन आमिषाला ओढून फिरवावं लागतं. पाऊण औंसाच्या स्पिनरबेटला (फिरत्या पात्याचं आमिष) ते झेपत नाही. मग माणूस जोर लावून फेकतो. स्पूल झटक्यात वेग घेतो, आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र फिरतच राहतो आणि लाईनचा गुंता होतो. स्पूलचा ब्रेक वाढवला तर गुंता थांबतो, पण आमिष बोटीपासून जेमतेम पंधरा पावलांवर पडतं. अर्धा ते दीड औंसाला २०० आकार, एक ते तीन औंसांना ३०० आकार, हा हिशेब साधारण जमतो. हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून दोन रिळं शेजारी ठेवून स्पूलची रुंदी बघा. बास आणि पाईक हे तुलनेने लहान मासेच मुख्य असतील आणि मस्की अधूनमधून, तर २०० घ्या. लाईन कमी पडेल ही भीती नको. मस्कीची झुंज बहुतेक वेळा बोटीच्या आसपासच होते.

दुसरी चूक गिअर रेशोची, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो त्याची. ८:१ चं रीळ जर्कबेटची (झटके देऊन चालवायचं आमिष) ढिली लाईन पटकन गोळा करतं, पण दोन मोठ्या पात्यांचं बकटेल (केसाळ झुपक्याचं आमिष) त्यावर ओढताना मनगट अर्ध्या दिवसात बोलायला लागतं. एकच रीळ घ्यायचं असेल तर ६:१ च्या आसपास राहा. नुसता रेशो वाचूनही चालत नाही. भरलेल्या स्पूलचा व्यास ३८ मिलिमीटर असेल तर ६.२:१ ला हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७४ सेंटिमीटर लाईन येते. व्यास ३० वर उतरला की तेवढ्याच फेऱ्यात ५८. म्हणजे स्पूल अर्धवट भरला तर विकत घेतलेला वेग तुम्हीच घालवता. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवून भरा.

ब्रेड (विणलेली लाईन) थेट गुळगुळीत स्पूलवर बांधू नका. मासा लागला की अख्खा गुंडाळाच स्पूलवर घसरतो, आणि ड्रॅग (मासा ओढत असताना लाईन रोखून सोडणारी यंत्रणा) बिघडला असं वाटत राहतं. खाली मोनोफिलामेंटचे (एकपदरी नायलॉन लाईन) आठ-दहा वेढे द्या, मग ब्रेड. ती ५० पौंड ताण सोसणारी घ्या. ३० पौंडांची बारीक लाईन दाबाखाली खालच्या थरांत रुतते, आणि पुढच्या फेकीत तिथेच अडकून आमिष तुटून जातं.

आमिष बदललं की स्पूल टेन्शन (स्पूल किती घट्ट फिरेल ते ठरवणारी कळ) पुन्हा लावा. रॉड आडवा धरा, स्पूल मोकळा करणारं बटण दाबा. आमिष सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. ब्रेक निम्म्याहून जास्त ठेवून सुरू करा, मग एकेक टप्पा कमी करा. लीडरची (आमिषाजवळचा मजबूत तुकडा) गाठ लेव्हलविंडच्या (लाईन स्पूलवर सारखी पसरवणारा सरकता भाग) आत ओढून फेकू नका. सुटताना ती तिथेच आपटते.

गळ रुतवायला झटका दिला आणि हँडल किंचित उलटं फिरलं, तर आधी आठवा: हँडल उलटं फिरू न देणाऱ्या अँटी-रिव्हर्स बेअरिंगमध्ये तेल गेलंय का? हँडलच्या बाजूच्या या बेअरिंगचे रोलर तेलाने घसरतात. ते काढून स्वच्छ पुसा आणि कोरडंच बसवा. तेल स्पूलच्या बेअरिंगला, तेही एकेक थेंब.

शेवटचा मुद्दा हँडलचा. बासच्या रिळाची छोटी बोंडं ओल्या, गारठलेल्या बोटांतून निसटतात. मोठ्या मुठींचं लांब हँडल घ्या. मस्की लवकर बोटीशी आणता येणं तिच्या जिवासाठीही गरजेचं आहे. पाणी ८० अंश फॅरनहाइटला पोचलं असेल तर हलकं रीळ काय, जड काय, मस्कीच्या मागे जाऊच नका. त्या दिवशी बास धरा.